अमेरिकेचा स्पाउस व्हिसा इंटरव्ह्यू: पैसे भरून घेतलेली सर्व्हिस म्हणून कसा आहे

लोक हॉटेलचे, मिक्सरचे, मोबाईलच्या कव्हरचे रिव्ह्यू टाकतात, मग ज्या गोष्टीसाठी वर्ष-दीड वर्ष जीव टांगणीला लागतो आणि हजारावर डॉलर जातात तिचा का नको, म्हणून हा प्रपंच. बायको अमेरिकन सिटिझन, अर्जदार मी, म्हणजे नवरा, आणि कॅटेगरी सीआर-१, म्हणजे लग्नाला अजून दोन वर्षं न झालेल्या नवरा-बायकोचा, तिकडे कायमचं राहायला जायचा व्हिसा. बायको तिकडची आणि नवरा इकडचा म्हटलं की लोक जरा वेगळं बघतात, पण फॉर्मला त्याचं काही नसतं, नियम दोन्हीकडून सेम.

मत आधीच सांगून टाकतो, ज्यांना घाई आहे त्यांनी इथेच थांबा: खुद्द इंटरव्ह्यूला पाचपैकी चार, त्याच्या आधीच्या वाट बघण्याला एक, आणि 'इंटरव्ह्यूची तयारी करून देतो' म्हणून पैसे घेणाऱ्यांना शून्य. बहुतेकांचा निकाल खिडकीवर लागतच नाही, तो फाईलमध्ये आधीच लागलेला असतो. खिडकीवर फक्त बघतात की फाईलमधला माणूस आणि समोरचा माणूस एकच आहे का.

आधी पैशांचं. आय-१३० पिटिशनला, म्हणजे 'हा माझा नवरा, याला येऊ द्या' म्हणून बायकोने तिकडच्या सरकारकडे करायच्या अर्जाला, १ एप्रिल २०२४ पासून कागदावर भरलं तर ६७५ डॉलर आणि ऑनलाईन ६२५. ते मंजूर झालं की केस जाते नॅशनल व्हिसा सेंटरला, ते आहे न्यू हॅम्पशायरमधल्या पोर्ट्समथला, तिथे व्हिसाची फी ३२५ आणि स्पॉन्सरच्या कागदांची १२०. व्हिसा मिळाल्यावर ग्रीन कार्ड छापायचे २३५ वेगळे. म्हणजे तेराशेच्या पुढे जातं, आणि मेडिकल, लसी, भाषांतरं, कुरिअर हे सगळं त्याच्यावर. आणि व्हिसा नाकारला तरी फी परत नाही. ग्राहक राजा वगैरे विसरा, इथे ग्राहकाने रांगेत उभं राहायचं आणि बोलावलं की पुढे जायचं.

आता सल्ल्यांबद्दल, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच आहे. नात्यातलं जे कोणी टुरिस्ट व्हिसावर जाऊन आलंय ते या विषयातलं एक्सपर्ट असतं. 'परत येणार म्हणून सांग', 'घराचे कागद ने', 'एफडी दाखव', 'नोकरी सोडणार असं बोलूच नकोस'. अहो, हे सगळं टुरिस्ट आणि स्टुडंट व्हिसाचं शास्त्र आहे! तिथे अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्यातलं २१४(बी) नावाचं कलम असतं, तुम्ही तिकडेच राहणार असं गृहीत धरून बसलेले असतात आणि तसं नाही हे तुम्ही पटवायचं असतं. इमिग्रंट व्हिसाला ते कलम लागतच नाही. इथे तुम्ही उघडउघड राहायलाच चाललाय, त्यासाठीच तर हा व्हिसा आहे. 'मी परत येणार' असं छातीठोकपणे सांगणारा माणूस इथे उलट संशय वाढवतो, की बाबा मग बायकोबरोबर संसार कधी करणार?

दुसरा गैरसमज सिनेमातून आलेला, की दोघांना वेगवेगळ्या खोलीत बसवून टूथब्रशचा रंग विचारतात. तसला वेगवेगळा बसवून घ्यायचा इंटरव्ह्यू असतो, पण तो अमेरिकेत राहून ग्रीन कार्डला अर्ज करणाऱ्या जोडप्यांचा, तोही संशय आला तर. कॉन्सुलेटमध्ये साधारणपणे अर्जदार एकटाच असतो, पिटिशन करणारा जोडीदार हजर असायची सक्ती नाही. माझी बायको तिकडे रात्री जागी राहून फोनकडे बघत बसली होती आणि माझा फोन आत न्यायला बंदी, त्यामुळे तिला काही कळायचा मार्गच नाही, तेवढे तास तिने कसे काढले ते तिलाच विचारा.

तर आत काय होतं. सिक्युरिटी, मग टोकन, मग बसायचं. पहिली खिडकी कागदांची, तिथे स्थानिक स्टाफ असतो, ते प्रश्न विचारत नाहीत, फक्त मागतात: पासपोर्ट, अपॉइंटमेंट लेटर, डीएस-२६० चं, म्हणजे ऑनलाईन भरलेल्या व्हिसाच्या अर्जाचं, कन्फर्मेशन पान, फोटो, जन्माचा दाखला, लग्नाचा दाखला, पोलिस सर्टिफिकेट, आधीचं लग्न झालं असेल तर घटस्फोटाचा किंवा मृत्यूचा कागद. सगळं ओरिजिनल. तुम्ही स्कॅन करून आधीच अपलोड केलेलं असतं तरी ओरिजिनल बघतातच. मागतील तेवढंच द्यायचं, अख्खी फाईल खिडकीतून ढकलायची नाही, माझ्या पुढच्या बाईंनी ढकलली आणि ती तशीच परत आली.

इथे दोन गोष्टींवर लोक अडकताना दिसले. एक म्हणजे नाव. जन्मदाखल्यावर एक स्पेलिंग, पासपोर्टवर दुसरं, लग्नाच्या दाखल्यावर तिसरंच, वडिलांचं नाव कुठे पूर्ण तर कुठे नुसतं आद्याक्षर. हे जिथे चुकलंय तिथूनच आणि इंटरव्ह्यूच्या बरंच आधी दुरुस्त करून घ्यावं लागतं, खिडकीवर 'ते आमच्याकडे असंच लिहितात' हे चालत नाही. दुसरं पोलिस सर्टिफिकेट. वयाच्या सोळाव्या वर्षानंतर ज्या कुठल्या देशात वर्षभर किंवा जास्त राहिलात तिथलं पण लागतं, नुसतं स्वतःच्या देशाचं नाही. मध्ये कुठे मास्टर्स केलं असेल, प्रोजेक्टवर दीड वर्ष काढलं असेल तर तिथलं मागवायला लागा आत्ताच, काही देश महिनोन्‌महिने लावतात. आणि त्याची मुदत साधारण दोन वर्षं धरतात, त्यामुळे फार उत्साहाने सुरुवातीलाच काढलं तर नंबर येईपर्यंत ते शिळं होतं आणि परत काढावं लागतं.

मेडिकल इंटरव्ह्यूच्या आधी, आणि तेही कॉन्सुलेटने नेमलेल्या डॉक्टरकडेच, तुमच्या फॅमिली डॉक्टरचं सर्टिफिकेट कितीही मनापासून लिहिलेलं असलं तरी उपयोग नाही. छातीचा एक्स-रे, रक्त, लघवी, आणि लसी. लहानपणीच्या लसींचं कार्ड सापडलं तर नक्की न्या, नाहीतर गोवर-गालगुंड, कांजिण्या, धनुर्वात वगैरे परत टोचतात आणि बिल वाढतं. सीलबंद पाकीट हातात दिलं तर उघडायचं नाही, कडेने डोकवायचंही नाही.

आता मेन खिडकी. काचेपलीकडे अमेरिकन ऑफिसर, अलीकडे तुम्ही उभे, मध्ये माईक. आधी बोटांचे ठसे, मग उजवा हात वर करून शपथ, की अर्जात लिहिलंय ते आणि आता सांगणार ते खरं आहे. ही शपथ लोक फॉर्मॅलिटी समजतात पण ती तशी नाही, इथे खोटं बोललेलं पकडलं गेलं तर त्याच इमिग्रेशन कायद्याच्या २१२ कलमातल्या खोट्या माहितीच्या पोटकलमाखाली कायमची बंदी येऊ शकते, आणि नंतर माफीचा अर्ज करायचा म्हणजे वेगळंच दुष्टचक्र.

मला विचारलं ते असं: बायकोशी ओळख कशी झाली, लग्न कधी, लग्नाला दोन्हीकडचं कोण कोण होतं, ती काय काम करते, तिला सिटिझनशिप कशी मिळाली, शेवटचं कधी भेटलात, कोणाचं आधीचं लग्न होतं का, तिकडे राहणार कुठे. बस. यात पाठ करण्यासारखं काय आहे सांगा? स्वतःच्या लग्नाची तारीख ज्याला पाठ करावी लागते त्याचा प्रॉब्लेम व्हिसाचा नाही.

एक गोष्ट मात्र बारकाईने सांगतो. उत्तर दिलं की ऑफिसर टाईप करायला लागतो, आणि तो टाईप करतोय तोवर शांतता असते. ही शांतता माणसाला खाते. शेजारच्या खिडकीवरचा मुलगा त्या शांततेत स्वतःहून बोलत सुटला, आधी बायकोच्या नोकरीचं, मग तिच्या आधीच्या नोकरीचं, मग तिच्या कंपनीत ले-ऑफ चाललेत त्याचं, आणि ऑफिसरचे हात थांबले आणि त्याने वर बघून विचारलं, म्हणजे सध्या ती नोकरीत आहे की नाही? होती, पण आता ते सिद्ध करायला पगाराच्या ताज्या स्लिपा पाहिजेत. विचारलं त्याचं उत्तर द्या आणि गप्प बसा. टाईप करणं म्हणजे संशय नाही, त्याला नोंद ठेवायची असते एवढंच.

फोटो मागितले. मी थोडेच नेले होते आणि प्रत्येकाच्या मागे तारीख आणि जागा. त्याने स्टेजवरचे आम्हा दोघांचे फोटो बघितले न बघितले करून बाजूला ठेवले आणि एक जेवणाच्या टेबलवरचा उचलला, त्यात मागे एक माणूस तोंडात घास घेऊन कॅमेऱ्याकडे बघतोय, त्याच्यावर बोट ठेवून विचारलं हा कोण. म्हटलं मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ, आणि हा फोटो काढल्याबद्दल तो अजून माझ्यावर चिडलेला आहे. ऑफिसर हसला, फोटो परत सरकवला. मला वाटतं त्या एका फोटोने जे काम केलं ते शंभर पोज दिलेल्या फोटोंनी केलं नसतं. त्यामुळे निवडताना गर्दीचे निवडा, दोन्ही घरची माणसं एकत्र असलेले, लग्नाच्या आधीचे, नंतरचे, वेगवेगळ्या वेळचे. सोबत तिकिटं, बोर्डिंग पास, एकमेकांना पाठवलेल्या पैशांच्या नोंदी, विम्यात नॉमिनी कोण त्याचा कागद, थोडेफार चॅट. चॅटची पाचशे पानं छापून नेऊ नका, कोणी वाचत नाही आणि तुम्हाला पण नको असेल ना वाचलेलं.

ठरवून केलेलं लग्न असेल तर घाबरू नका, लग्न खरं आहे का एवढंच बघायचं असतं, प्रेमात पडून केलं का ते नाही. पण मग 'कोणी सुचवलं, पहिल्यांदा कधी बोललात, हो कोणी आधी म्हटलं' हे सरळ सांगता आलं पाहिजे आणि ते आय-१३० मध्ये बायकोने लिहिलंय त्याच्याशी जुळलं पाहिजे. डीएस-२६० मध्ये मागच्या पाच वर्षांतली सोशल मीडियाची अकाऊंट २०१९ पासून विचारतात, तेव्हा अर्जात एक आणि प्रोफाईलवर 'सिंगल' असं ठेवू नका म्हणजे झालं. आधी कधी टुरिस्ट व्हिसाला अर्ज केला असेल तर त्यात काय लिहिलं होतं तेही त्यांच्या स्क्रीनवर असतं.

आणि हो, एक माहितीपत्रक वाचलं का म्हणून विचारलं. २००५ च्या एका कायद्याने आलेलं आहे, परदेशातून येणाऱ्या जोडीदाराला छळ झाला तर त्याचे हक्क काय, मदत कुठे मिळते वगैरे. बहुतेक लोक 'यस यस' करून पुढे जातात. बायकांनी तरी ते खरोखर वाचावं, पुरुषांनी पण वाचलं तर बिघडत नाही, त्यात लिहिलेलं आहे की मारहाण सहन करायची इमिग्रेशनच्या नावाखाली कोणाला गरज नाही.

आता जिथे खरं गाडं अडतं ते, आय-८६४. हा स्पॉन्सरचा फॉर्म, म्हणजे अमेरिकेतल्या जोडीदाराने लिहून द्यायचं की या माणसाला मी पोसेन. उत्पन्न तिथल्या गरिबीच्या रेषेच्या १२५ टक्के पाहिजे, घरातली माणसं मोजून, त्यात तुम्ही पण आलात, आणि आधी कोणाला स्पॉन्सर केलं असेल आणि ती जबाबदारी संपली नसेल तर तो पण. लोक काय करतात, मागच्या वर्षीचा टॅक्स रिटर्न जोडतात आणि गप्प बसतात. पण मागच्या वर्षी जोडीदार शिकत असेल किंवा मध्येच नोकरी बदलली असेल तर रिटर्नवरचा आकडा छोटा दिसतो, तेव्हा आत्ताच्या पगाराच्या स्लिपा आणि कंपनीचं पत्र इंटरव्ह्यूला घेऊनच जा, मागितलं नाही तरी जवळ असू दे. कमी पडत असेल तर बचत किंवा मालमत्ता दाखवता येते, सिटिझनच्या नवरा-बायकोसाठी जेवढे कमी पडतात त्याच्या तिप्पट. नाहीतर जॉइंट स्पॉन्सर घ्यायचा, तो सिटिझन किंवा ग्रीन कार्डवाला आणि अमेरिकेतच राहणारा पाहिजे, आणि त्याचं उत्पन्न एकट्याचं पुरलं पाहिजे, थोडं बायकोचं थोडं त्याचं अशी बेरीज चालत नाही.

आणि ज्या मामेभावाला तुम्ही 'अरे नुसती सही आहे' म्हणून पटवणार आहात त्याला हे पण सांगा की तो कायदेशीर करार आहे. तुम्ही सिटिझन होईपर्यंत किंवा तुमच्या नावावर कामाच्या ४० तिमाह्या, म्हणजे साधारण दहा वर्षं, जमा होईपर्यंत तो सहसा सुटत नाही, आणि तुमचा घटस्फोट झाला तरी सुटत नाही. लग्न मोडेल, करार राहील. न सांगता सही घेणं म्हणजे फसवणूकच की.

इंटरव्ह्यूची तयारी करून देणाऱ्यांना शून्य का दिलं ते आता सांगतो. एका ओळखीच्याच्या आग्रहाने अशा एकाकडे गेलो होतो, नाव घेत नाही. त्याने प्रश्नांची जाडजूड यादी दिली आणि उत्तरं पण छापून दिली! माझ्या बायकोला भेटलेला नाही हा माणूस आणि ती मला का आवडली हे त्याने लिहून ठेवलेलं. तिला फोनवर वाचून दाखवलं तर ती म्हणाली, हे ज्या कोणाबद्दल आहे तिच्याशीच लग्न करायचंस. आय-८६४ बद्दल मात्र या गृहस्थांना काही विचारलं की 'ते बघतील ते' एवढंच. ज्यांच्या केसमध्ये खरी गुंतागुंत आहे, म्हणजे आधी अमेरिकेत मुदतीपेक्षा जास्त राहिलेत (१८० दिवसांच्या वर राहून निघालं तर तीन वर्षांची बंदी, वर्ष किंवा जास्त असेल तर दहा), किंवा पूर्वी व्हिसा नाकारलाय, किंवा काही पोलिस केस आहे, त्यांनी इमिग्रेशनच्या वकिलाकडेच जावं, एजंटकडे नाही.

निकाल तिथल्या तिथे तोंडी सांगतात. 'अप्रूव्ह्ड' म्हटलं तर पासपोर्ट ठेवून घेतात. नाहीतर २२१(जी) चा कागद हातात येतो, आणि इथे ही सर्व्हिस एकदम रद्दी आहे. त्या कागदाचा अर्थ दोनपैकी एक, एकतर काहीतरी कागद कमी आहे किंवा अजून तपासणी चालू आहे, पण वेबसाईटवर स्टेटस काय दिसतं? 'रिफ्यूज्ड'. अरे देवा. लोक रडतात, घरच्यांना काय सांगायचं कळत नाही, आणि खरं तर बऱ्याच जणांचं नुसतं एखादं टॅक्सचं पान हवं असतं. कायद्याच्या भाषेत ते रिफ्यूजलच आहे हे मान्य, पण शेजारी एक ओळ समजावून लिहायला काय जातं. मागितलेला कागद एक वर्षाच्या आत द्यायचा, नाहीतर परत नव्याने अर्ज आणि परत फी. तपासणीवाल्यांना मात्र तारीख मिळत नाही, ईमेल केला की ठरलेलं उत्तर येतं.

आणि पूर्ण नकार आला तर तक्रार कुठे करायची? जवळजवळ कुठेच नाही. जून २०२४ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने मुन्योझ खटल्याचा सहा विरुद्ध तीन असा निकाल देताना बहुमताने हेच सांगितलं, की परदेशी जोडीदाराला देशात आणणं हा सिटिझनचा मूलभूत हक्क होत नाही, आणि कॉन्सुलेटच्या निर्णयात कोर्ट सहसा पडणार नाही. तिथे बायको अमेरिकन, नवरा एल साल्वाडोरचा, आणि नकार सान साल्वाडोरच्या कॉन्सुलेटमधून. हे वाचून मी इंटरव्ह्यूच्या आधी दोन रात्री नीट झोपलो नव्हतो, तुम्ही हे नंतर वाचा हवं तर.

व्हिसा मिळाल्यावरचं थोडं. तो जास्तीत जास्त सहा महिने चालतो, आणि मेडिकलची मुदत आधी संपत असेल तर तेवढाच, तेव्हा तारीख बघून मगच तिकीट काढा. २३५ डॉलर शक्यतो निघण्याआधी भरा, नाहीतर कार्ड यायचं अडतं. एक्स-रेची सीडी दिली असेल तर हातातल्या बॅगेत, चेक-इनमध्ये नाही. उतरल्यावर पासपोर्टवर शिक्का बसला की तो व्हिसाच वर्षभर तात्पुरत्या ग्रीन कार्डचं काम करतो, त्यामुळे कार्ड पोस्टाने यायला उशीर झाला तरी नोकरी अडत नाही.

लग्नाला दोन वर्षं होत आली असतील तर तारखेचा हिशोब जरूर करा. अमेरिकेत शिरताना दोन वर्षं पूर्ण नसतील तर सीआर-१, म्हणजे दोन वर्षांचं कंडिशनल कार्ड, आणि ते संपायच्या आधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून आय-७५१, म्हणजे कार्डावरची अट काढायचा फॉर्म, भरायचा, परत फी, परत पुरावे, परत फोटो. पूर्ण झाली असतील तर आयआर-१ आणि थेट दहा वर्षांचं. व्हिसावर सीआर-१ छापलेलं असलं तरी शिरायच्या दिवशी दोन वर्षं भरली असतील तर इमिग्रेशन काउंटरवर लग्नाचा दाखला दाखवून बदलून मागता येतं. लग्नाचा दुसरा वाढदिवस दोन-चार आठवड्यांवर असेल आणि व्हिसाची मुदत शिल्लक असेल तर फ्लाईट थोडी पुढे ढकलायला सासरच्यांची समजूत घाला. आमचं काही तसं जमण्यासारखं नव्हतं, आय-७५१ साठी मेहुण्याचे नवे फोटो काढायला घेतलेत.